बंधाऱ्यावरची तार

मी खांबावर चढलेली असताना फोन वाजला. डाव्या हाताने खांब धरलेला, उजव्या हातात पक्कड, आणि फोन पँटच्या खिशात. पँट नवऱ्याची, पंजाबी कुडत्याखाली घातलेली, कमरेला सुतळी बांधलेली. खाली इस्माईल मिस्त्री शिडी धरून उभा होता. तो म्हणाला, "ताई, फोन नंतर घ्या. पडलात तर तुमच्या सासूबाईंना मी काय तोंड दाखवू?"

पण वाजलेला फोन न घेणं माझ्या रक्तात नाही. पक्कड दातात धरली आणि फोन घेतला.

"प्रमिलाताई, देशकर बोलतोय. आज एकतीस मार्च. लक्षात आहे ना?"

मी पक्कड तोंडातून काढली. "साहेब, महिनाभर दुसरं काही लक्षातच नाही."

"चार वाजता मी पेटीला कुलूप लावून धुळ्याला निघणार. वर्षाचा हिशेब आजच बंद होतो. चारच्या आत तार फाट्यावर आली तर जोडतो. नाही आली तर नमस्कार."

"तीनलाच येते साहेब!"

"अहिररावही सकाळी हेच म्हणाले," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

जिभाऊ? त्यांची तार तर गावाबाहेर एक खांबसुद्धा आलेली मी पाहिली नव्हती!

आता हे जिभाऊ कोण, ते आधी सांगते. सुपडू अहिरराव. आमच्या नांदवणमध्ये पहिली केबल त्यांनी आणली. दुसरी आम्ही, म्हणजे माझ्या नवऱ्याने. नवऱ्याला एसटीत ड्रायव्हरची नोकरी लागल्यावर त्याने केबलच्या चाव्या माझ्या हातात दिल्या आणि म्हणाला, "चालव तू, तुला भांडायला आवडतं." खरंच आवडतं. जिभाऊंशी मी नऊ वर्षं भांडले. त्यांनी माझी गिऱ्हाइकं पळवायची, मी त्यांची. त्यांनी क्रिकेटचं चॅनल फुकट दिलं, तर मी देवळाच्या सप्ताहाचं थेट प्रक्षेपण दिलं. नात्याने ते माझ्या नवऱ्याचे लांबचे थोरले भाऊ, म्हणून तोंडावर जिभाऊ आणि तुम्ही. पाठीमागे मी त्यांना काय म्हणायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग गावोगाव छपरांवर डिशच्या थाळ्या आल्या. तीनशे साठ घरांची माझी केबल वर्षात दोनशे दहावर आली. जिभाऊंचीही तीच गत. आता एकच गोष्ट तारणार होती, ती म्हणजे इंटरनेट. पण नांदवणसारख्या गावात ते कोण आणणार? कंपन्या हायवेपर्यंत आल्या आणि तिथेच थांबल्या. तिथल्या फाट्यावर एका कंपनीची लोखंडी पेटी बसली, आणि त्या कंपनीच्या देशकरसाहेबांनी आम्हा दोघांना एकाच दिवशी बोलावून सांगितलं, "पेटीत एकच जोड शिल्लक आहे. पेटीपासून गावापर्यंत नऊ किलोमीटर तार ज्याची त्याने टाकायची, आपल्या खर्चाने. मार्चअखेरपर्यंत जो आधी पोहोचेल, त्याला जोड. दुसऱ्याने पुढची दोन-तीन वर्षं वाट बघायची."

दोन-तीन वर्षं! तोवर दुसऱ्याच्या दुकानाला कुलूप लागलेलं असणार, हे मला कळत होतं आणि जिभाऊंनाही. त्यांनी तर माझ्या केबलच्या खोलीबद्दल चौकात सांगूनच टाकलं होतं, "बेडसेबाईची खोली मी कांद्याला भाड्याने घेणार." म्हणून मी खांबावर. माणसं लावायला गेले तर कांदा काढणीचे दिवस, मजूर मिळेना. शेवटी मी, इस्माईल आणि दोन गडी. महिन्याभरात आम्ही गावापासून नदीपर्यंत पाच किलोमीटर तार आणली. काचेची तार. आत केसाएवढे सहा धागे, आणि त्यातून उजेड पळतो. नदीपलीकडे फाट्यापर्यंत चार किलोमीटर राहिले होते आणि हातात पाच तास. जमेल, असं मी स्वतःलाच बजावत होते. तसं बघितलं तर जमण्यासारखं काही नव्हतं.

"इस्माईल, जिभाऊंची तार कुठे आहे?" मी वरूनच विचारलं.

इस्माईल साक्रीचा. सगळ्या तालुक्यात काचेच्या तारा जोडायचं मशीन त्याच्या एकट्याकडे. तो आज माझ्याकडे, तर उद्या त्यांच्याकडे. तो शिडीच्या पायऱ्या मोजल्यासारखं करत म्हणाला, "ताई, मी एकाचं दुसऱ्याला सांगत नाही. सांगितलं तर मला कोण बोलावेल?"

"मी विचारतेय ना!"

"तुम्ही विचारलंत म्हणूनच सांगत नाही."

चरफडतच मी खाली उतरले.

नदी ओलांडायची तर पूल होता, पण बांधकाम खात्याने पुलाला तार लटकवायची परवानगी दिली नव्हती. राहिला तो आमचा जुना दगडी बंधारा. पुलाच्या वरच्या अंगाला तीनशे पावलांवर, पांझरा नदीत आडवा पडलेला. त्यातून पाट निघतो, आणि पाटाच्या पाण्यावर सगळ्यांची मिळून जी शेती होते, तिला आमच्याकडे फड म्हणतात. बंधारा, पाट, पाण्याची पाळी, सगळ्यावर हुकूम एकाच माणसाचा. तो म्हणजे पाटकरी दगाआबा. वय ऐंशीच्या पुढे, डोक्याला मळकं पागोटं, आणि बोलणं सगळं अहिराणीत. मी इथे मराठीत सांगते. पंधरा दिवसांपूर्वी मी त्यांच्या पाया पडून परवानगी मागितली होती. ते म्हणाले होते, "एकतीस तारखेला ये. त्या दिवशी पाट बंद असतो."

म्हणून साडेअकराला मी, इस्माईल आणि तारेचं उरलेलं भेंडोळं घेऊन दोन गडी बंधाऱ्यावर पोहोचलो. बघते तर पाटात वीस-पंचवीस माणसं फावडी घेऊन गाळ उपसतायत. आणि समोरच्या काठावर, तारेच्या भेंडोळ्यावर मांडी घालून, डोक्यावर ओला टॉवेल टाकून बसलेले जिभाऊ!

"जिभाऊ, तुम्ही इथे?"

"तू इथे?"

"मला आबांनी बोलावलंय!"

"मलाही!"

"पण तुम्ही पलीकडे कसे?"

मी त्यांच्या मागे पाहिलं. बाभळींमधून लोखंडी खांबांची एक रांग फाट्याकडे गेलेली, आणि त्यावर काळी तार. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हा माणूस उलटा आला होता! मी गावाकडून निघाले आणि हे फाट्याकडून निघाले! म्हणजे कुणाला पत्ता लागायला नको. माझा नवरा रोज दोनदा त्या रस्त्याने एसटी नेतो. त्याला मी नंतर विचारलं तर म्हणाला, "खांब दिसले होते की. मला वाटलं वीज मंडळाचे असतील." अशा माणसाबरोबर माझा संसार चाललाय.

"आबा!" मी ओरडले. "यांना पण परवानगी दिलीत?"

दगाआबा पाटाच्या काठावर काठी टेकून उभे होते. "दिली. त्याने मागितली, त्याला दिली. तू मागितलीस, तुला दिली."

"मग आधी तार कोणाची जाणार?"

"एकच जाणार. दोन तारा बंधाऱ्यावर नकोत. पुरात झाडं वाहून येतात, अडकून बसतात, आणि बंधारा फुटतो."

"एकच? मग कोणाची?"

"ते मागून. आज पाटावर जो आला त्याने आधी आपली काठी उपसायची. मग बोलायचं."

काठी म्हणजे पाटाचा मोजून दिलेला तुकडा. आमच्या गावचा रिवाज आहे तो. पाट साफ करायच्या दिवशी तिथे पाय ठेवला, मग तो आमदार असो की जावई, आपल्या वाट्याचा गाळ काढल्याशिवाय त्याला स्वतःच्या कामाचं एक अक्षर काढता येत नाही. मला माहीत होतं. पण आज?

"आबा, चार वाजता साहेब जाणार! माझं दुकान बसेल हो!"

"मग लवकर उपस," आबा म्हणाले आणि माझ्या हातात फावडं दिलं.

पलीकडून जिभाऊ हसले. आबांनी त्यांच्याकडे काठी रोखली. "सुपडू, तूही ये. तुझी काठी हिच्या शेजारची."

मग काय! नऊ वर्षं एकमेकांचं तोंड न बघणारे आम्ही दोघं, एकाच पाटात, गुडघाभर गाळात. मी वरच्या बाजूने, जिभाऊ खालच्या. पाटातले लोक कामं सोडून बघू लागले. मी असं काही फावडं चालवलं की इस्माईल म्हणाला, "ताई, मशीनवर चिखल उडतोय." ऊन डोक्यावर आलेलं. जिभाऊंचा गुडघा दुखरा, ते वाकायचे, कण्हायचे, पण थांबत नव्हते.

"माणसं कुठे गेली तुमची?" मी न राहवून विचारलं.

"कांद्याला गेली."

"माझीही."

"मग ह्या चार किलोमीटरचे खांब कोणी पुरले?"

खरं म्हणजे हे मला विचारायचं होतं, आणि विचारलं त्यांनी, स्वतःलाच. मग म्हणाले, "मीच. एकट्याने. एकवीस दिवस."

मी फावडं थांबवलं. पन्नाशी उलटलेला माणूस, गुडघा असा, आणि चार किलोमीटर खांब एकट्याने! खोटं कशाला बोलू, मला त्यांचं कौतुक वाटलं. आणि त्या कौतुकाचा रागही आला.

"पण जिभाऊ, इथून गावापर्यंत अजून पाच किलोमीटर आहेत. चारच्या आत कसं नेणार होतात?"

"तू कशी नेणार होतीस चार किलोमीटर? दोन गड्यांवर?"

"जमलं असतं मला!"

"मलाही जमलं असतं!"

पाटातले सगळे हसले. तेवढ्यात इस्माईल उठला. मशीनची पेटी छातीशी धरलेली, चेहरा लालबुंद. "या अल्ला! आता मला बोलू द्या! महिनाभर ताईंना शब्द दिला म्हणून जिभाऊंना सांगितलं नाही, जिभाऊंना शब्द दिला म्हणून ताईंना सांगितलं नाही. रात्री झोप येत नव्हती मला! अहो, ताईंची तार गावापासून इथपर्यंत. जिभाऊंची तार फाट्यापासून इथपर्यंत. दोन्ही तारा मीच जोडल्यात, दोन्हींत सहा-सहाच धागे. धुळ्याच्या एकाच दुकानदाराने तुम्हा दोघांना सारखा माल विकलाय! मध्ये हा बंधारा. चाळीस मिनिटं द्या मला. लाइन तयार आहे!"

पाटाच्या दोन्ही बाजूंना माणसं फावडी टेकून उभी. मी जिभाऊंकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. नऊ किलोमीटर तार तयार! आजच्या आज! आणि तेवढ्यातच मनात आलं, पण मग ती कोणाची?

जिभाऊंच्याही मनात तेच आलेलं. ते म्हणाले, "हो, पण शेवट माझ्याकडे आहे. पेटीतला शेवट."

"आणि गाव माझ्याकडे आहे. तुमचा शेवट घेऊन काय बाभळींना इंटरनेट देणार?"

"तुझं गाव घेऊन काय करणार, पेटीच नाही तर?"

"थांबा," दगाआबा म्हणाले. ते पाटात उतरले आणि आमच्या दोघांच्या मध्ये येऊन उभे राहिले. "ह्या तारेत किती धागे म्हणालास मिस्त्री?"

"सहा, आबा."

"लागतात किती?"

"दोन. एकातून उजेड जातो, एकातून येतो."

"मग दोघांना चार?"

"नाही आबा. पेटीत जोडच एक. दोन धाग्यांवर उजेड गावात येईल. गावात एक डबा बसवायचा, त्यातून दोघांनी वाटून घ्यायचा."

"म्हणजे चार धागे रिकामे."

"राखीव," जिभाऊ म्हणाले.

"राखीव म्हणजे कोणाला?"

"म्हणजे... कोणाला नाही. पुढेमागे लागले तर."

आबांनी पागोटं काढून पुन्हा घातलं. "सुपडू, मी साठ वर्षं ह्या पाटावर आहे. पाणी वाहतंय आणि कोणाला नाही, असं मी कधी पाहिलं नाही."

जिभाऊ फावड्याचा चिखल पुसायला लागले. मीही.

"आबा, तार तरी कोणाची मानायची?" मी विचारलं. "अर्धी त्यांची, अर्धी माझी. जागा तुमच्या बंधाऱ्याची."

आबांचं पुढचं वाक्य मी त्यांच्याच बोलीत ठेवते, कारण मराठीत आणलं तर त्याचा जीव जाईल. आबा म्हणाले, "पाट कोना शे, हाई माले आजलोंग माहीत नही."

साठ वर्षं ज्याने पाट राखला, त्यालाच ठाऊक नाही तो कोणाचा! मग हळूहळू ते सांगायला लागले. बंधारा कोणी बांधला, त्याचे पैसे कोणी दिले, कोणालाच माहीत नाही. त्यांच्या आजालाही माहीत नव्हतं. दरसाल गाळ कोण काढतो, तेवढं माहीत आहे. जो पाणी घेतो तो काढतो. नवीन कोणी पाण्याला आला, तर त्याने आपली काठी उपसायची आणि पाळीला लागायचं. वरच्याने अडवायचं नाही. एवढंच.

"तसं तुमच्या तारेचं करा," ते म्हणाले. "रिकामे धागे, जो येईल त्याला द्या. फक्त एकतीस मार्चला फावडं घेऊन यायला सांगा. कबूल असेल तर बंधारा तुमचा. नसेल तर दोघं आपापल्या काठावर बसा."

मी घड्याळ पाहिलं. एक वाजून दहा मिनिटं.

"जिभाऊ?"

"आधी जोडू," जिभाऊ म्हणाले, "भांडण नंतर."

"कबूल!"

त्यानंतरचा दीड तास आठवला की मला आजही उभं राहून सांगावंसं वाटतं! पाटातली सगळी माणसं धावली. कोणी काळा पाइप आणला, कोणी तार आत ओवली, कोणी बंधाऱ्याच्या दगडांच्या फटीत पाइप दाबून वर चुना-वाळू थापली. बंधाऱ्यावरून घोट्याएवढं पाणी वाहत होतं. त्यात मी आणि जिभाऊ तारेचं एकेक टोक धरून, तोल सांभाळत पुढे सरकत होतो. घसरून मी बसलेच एकदा पाण्यात, तर जिभाऊंनी दंडाला धरून उठवलं आणि म्हणाले, "तार सोडलीस तर बघ!" मी पडले त्याचं काही नाही, तार महत्त्वाची! मी म्हटलं, "सोडली असती तर तुम्हालाच आनंद झाला असता." त्यावर ते चक्क हसले.

इस्माईलने काठावर बैलगाडीची चादर अंथरली आणि मशीन मांडलं. त्याच्या कामाला धूळ चालत नाही, वारा चालत नाही. चौघांनी आणखी एका चादरीचा आडोसा केला. एकाने छत्री धरली. तो एकेक धागा सोलायचा, पुसायचा, मशीनमध्ये ठेवायचा. बारीक ठिणगी व्हायची आणि दोन काचा एक व्हायच्या. पहिला धागा झाला. दुसरा झाला. तिसऱ्याला मशीन म्हणालं, जोड खराब. इस्माईलने पुन्हा कापला, पुन्हा पुसला, ओठ हलवून काहीतरी म्हटलं आणि जोडला. झाला! मागे उभा असलेला एक म्हातारा म्हणाला, "शिंप्याच्या वरताण आहे पोरगं." इस्माईल चाळीस वर्षांचा होता, पण खूश झाला.

सहाही धागे झाले तेव्हा दोन वाजून पंचेचाळीस मिनिटं झाली होती. इस्माईलने जोडावरचं झाकण बसवायच्या आधी माझ्या बाजूच्या एका धाग्याला लाल बॅटरी लावली. ती पेनाएवढी बॅटरी. तिचा उजेड तारेतून चार किलोमीटर पळाला पाहिजे. मी देशकरसाहेबांना फोन लावला.

"साहेब, पेटीत अहिररावांच्या तारेचं टोक आहे ना? त्याकडे बघा. काही दिसतंय?"

"अहिररावांची तार? आणि फोन तुमचा?"

"साहेब, बघा हो!"

फोनवर खडखड झाली. पाटावरची सगळी माणसं माझ्याभोवती.

"लाल," देशकर म्हणाले. "लाल ठिपका दिसतोय."

"दिसला!" मी ओरडले आणि नंतर काय झालं ते मला नीट आठवत नाही. कोणी शिट्टी मारली, कोणी फावड्यावर फावडं आपटलं. मी रडत होते, हसत होते आणि आबांच्या पाया पडत होते. आबा विचारत होते, "उजेड पोहोचला? एवढ्या लांब? तारेतून?" आणि पुन्हा पुन्हा त्या काळ्या पाइपाला हात लावून बघत होते.

"चला!" जिभाऊ म्हणाले. "अर्ज भरायचाय. साहेब निघतील." त्यांची जुनी राजदूत पलीकडच्या काठावर होती. मी मागे बसले. नवऱ्याची पँट, अंगभर चिखल आणि पर्समध्ये माझे सगळे कागद. रस्त्याने येणारीजाणारी माणसं वळून वळून बघत होती. बेडसेबाई अहिररावांच्या गाडीवर! संध्याकाळपर्यंत गावात ही बातमी इंटरनेटच्या आधी पोहोचली.

तीन वाजून वीस मिनिटांनी आम्ही फाट्यावर. देशकरसाहेब पेटीजवळ खुर्ची टाकून बसलेले. त्यांनी आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "काय, पाण्यात पडलात?"

"पडलो आणि निघालोही," मी म्हटलं. "अर्ज द्या."

त्यांनी अर्ज पुढे केला. "अर्जदार एकच पाहिजे. एक नाव, एक सही, ओळखपत्राची प्रत, दोन फोटो. दोन नावं चालत नाहीत."

आमच्या दोघांच्याही तोंडचं पाणी पळालं. बंधाऱ्यावर ही गोष्ट कोणाच्याच डोक्यात आली नव्हती.

"लिहा मग," जिभाऊ म्हणाले. त्यांनी छाती चाचपली, पँटचे खिसे चाचपले. "कागद घरी राहिले. पमा, तुझे आहेत?"

पमा! नऊ वर्षांत पहिल्यांदा. नाहीतर बेडसेबाई, नाहीतर नुसतंच बाई.

"आहेत," मी म्हटलं.

"मग तूच लिही." आणि ते बाजूला जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले.

मी नाव लिहिलं. प्रमिला राजेंद्र बेडसे. पत्ता लिहिला. मग एक रकाना आला. लाइनची मालकी. त्यापुढे तीन चौकटी. स्वतःची. भाड्याची. इतर.

आता ऐका. महिनाभर मी हेच स्वप्न पाहिलं होतं. ह्या अर्जावर माझं नाव, पेटीतली जोड माझी, गावातला डबा माझ्या खोलीत. मी कोणाला द्यायचं, किती द्यायचं, मीच ठरवणार. जिभाऊंना दिलं तर माझ्या मेहरबानीने, नाही दिलं तर त्यांचं दुकान बंद. कायद्याने कोणी मला बोट लावू शकलं नसतं, कारण कागदावर दुसरं कोणी नव्हतंच. आणि तो माणूस पाठ करून उभा. मला लोभ सुटला. सरळ सांगते, सुटला. मी पहिल्या चौकटीवर पेन टेकवलं.

आणि मग वाटलं, उद्या मी ही चार किलोमीटर तार बघणार. परवाही बघणार. प्रत्येक खांब त्या दुखऱ्या गुडघ्याने पुरलेला. आणि पुढच्या एकतीस मार्चला मी पाटावर कोणत्या तोंडाने जाणार? आबा म्हणतील, तुझी काठी उपस. आणि मी उपसणार, त्या माणसाच्या शेजारी उभी राहून?

मी पेन उचललं. तिसऱ्या चौकटीत खूण केली आणि पुढे लिहिलं, फड, नांदवण.

देशकरसाहेबांनी वाचलं. "फड? कसला फड? तमाशाचा?"

"पाण्याचा."

"ताई, इंटरनेटच्या तारेत पाणी कुठून आलं?"

"बंधाऱ्यावरून आलं साहेब. तुम्ही शिक्का मारा. आणि खाली लिहा, अहिरराव आणि बेडसे दोघांनी सारखं वाटून घ्यायचं, चार धागे रिकामे, पुढे जो येईल त्याचे."

"असं मी कधी लिहिलेलं नाही."

"मग आज लिहा."

त्यांनी घड्याळ पाहिलं. चारला दहा कमी. लिहिलं, शिक्का मारला आणि पेटी उघडली. पाच मिनिटांत पेटीतला हिरवा दिवा लुकलुकायला लागला.

ह्याला आज बारा वर्षं झाली. पुढे पेटीत जोड वाढल्यावर रिकाम्या धाग्यांपैकी दोन शाळेने आणि बँकेने मिळून घेतले. उरलेले दोन साक्रीच्या एका तिसऱ्या केबलवाल्याने. तो आधी म्हणाला, भाडं किती? आम्ही सांगितलं, भाडं नाही, फावडं आण. त्याला वाटलं आम्ही त्याची चेष्टा करतोय. एकतीस मार्चला आला तेव्हा पांढरे बूट घालून आला होता. दोन-तीनदा मोठ्या कंपन्यांची माणसं तार विकत घ्यायला आली, आणि मालक कोण, हे शोधत गावभर हिंडून परत गेली.

पण मला सांगायचंय ते त्या दिवसाचंच. दिवा लागल्यावर आम्ही दोघं फाट्यावरच्या टपरीवर चहा प्यायलो. जिभाऊंना अर्जाची कार्बनची प्रत दाखवली. त्यांनी ती लांब धरून वाचली, पुन्हा वाचली आणि डोळे पुसायला शर्टाच्या आतल्या खिशातून रुमाल काढला. रुमालाबरोबर प्लॅस्टिकची एक पिशवी बाहेर आली आणि बाकावर पडली. आत मतदार ओळखपत्र. त्यांचं. आणि दोन फोटो.

मी पिशवी उचलली. "जिभाऊ, हे काय? कागद तर खिशात होते!"

"होते."

"मग घरी राहिले म्हणालात?"

जिभाऊंनी चहावरची साय बोटाने बाजूला केली. मला वाटलं, माझी परीक्षा घेतली ह्या माणसाने. असं काही डोकं फिरलं माझं! "मी काय लिहिते ते बघायचं होतं तुम्हाला, हो ना? नऊ वर्षं झाली तरी..."

"नाही गं," ते म्हणाले. "कागद बाहेर काढले असते ना, तर मी माझंच नाव लिहिलं असतं. आणि मालकीपुढे स्वतःची. पक्कं माहीत होतं मला. माझा मला भरवसा नव्हता, म्हणून काढलेच नाहीत."

माझा राग कुठल्या कुठे गेला. कप खाली ठेवला. आता न सांगता राहवेना.

"जिभाऊ, मीही आधी पहिल्याच चौकटीवर पेन टेकवलं होतं."

"माहीत आहे," ते म्हणाले आणि अर्जाची प्रत माझ्यापुढे सरकवली. पहिल्या चौकटीत कार्बनचा बारीक ठिपका उमटला होता. "वाचतानाच दिसला मला. चल, चहा पी, गार होतोय."